दत्ताराम हिंदळेकर : यष्टीमागची एकच जागा

क्रिकेटच्या संघात जागा अकरा खऱ्या, पण त्यांतली एक जागा बाकीच्या दहांसारखी नाही. फलंदाज अपयशी ठरला की त्याच्या जागी दुसरा येतो, आणि त्या दुसऱ्याला आत शिरायला पाचसहा फटी असतात. गोलंदाजांचेही तसेच. खेळपट्टी ओली असली की एक, कोरडी असली की दुसरा. यष्टिरक्षकाची गोष्ट मात्र निराळी. त्याची जागा एकच. आणि ती धरून असलेल्या गृहस्थाचे बोट मोडल्याखेरीज किंवा त्याच्यावरची मर्जी खप्पा झाल्याखेरीज राखीव माणसाला तेथे वाट मिळत नाही. परदेश-दौऱ्यावर दोन यष्टिरक्षक नेतात ते याचसाठी. आता त्या दुसऱ्याने रोज सकाळी उठून देवाजवळ काय मागावे, हा प्रश्न नाजूकच आहे.

दत्ताराम हिंदळेकर या माणसाच्या आयुष्यात या प्रश्नाची दोन्ही टोके आली. कधी त्याचे बोट मोडले आणि दुसऱ्याला वाट मिळाली. कधी तो उभा राहिला आणि दुसरा चारपाच महिने मंडपात बसून राहिला. कसोटी सामने त्याला मिळाले चार. पहिल्या आणि दुसऱ्या सामन्यांमध्ये दहा वर्षांचे अंतर. मुंबईच्या जुन्या क्रिकेटशौकिनांना हे नाव परके नाही, परंतु आजच्या मुलांना ते ठाऊक असायचे कारण उरलेले नाही, म्हणून हा लेखप्रपंच.

हिंदळेकरांचा जन्म १९०९ सालचा, रत्नागिरीकडचा. देवगडच्या बाजूला हिंदळे नावाचे गाव आहे. आडनाव त्याच गावाची खूण सांगते. मी बीदर जिल्ह्यातला, कोकणाशी माझा तसा संबंध नाही. पण रत्नागिरीला पहिल्यांदा गेलो तेव्हा घरांच्या भिंतींतला आणि विहिरींच्या कडांचा तांबडा जांभा पाहून मला आपल्या गावी आल्यासारखे झाले. बीदर शहर वसले आहे ते अशाच जांभ्याच्या पठारावर, आणि तिथला भुयारी पाण्याचा जुना कारेझ खोदला आहे तोही याच दगडात. जांभ्यावर माती थोडी, पाणी हुलकावणी देणारे, पोरे पोट भरायला बाहेर जाणारी. आमच्याकडची हैदराबादेस जात, रत्नागिरीची मुंबईस. हिंदळेकर मुंबईकरच झाले आणि पोर्ट ट्रस्टमध्ये नोकरीला लागले. पगार महिना ८० रुपये. हा आकडा वाचकांनी लक्षात ठेवावा.

आमच्या भालकी-औरादच्या बाजूला यष्टिरक्षक नेमण्याची एक ठरलेली रीत होती. काळ्या मातीच्या रानात, पीक निघाल्यावर, मराठी, कानडी आणि उर्दू अशा तिन्ही भाषांत भांडत आम्ही खेळत असू. ज्याला चेंडू टाकता येत नाही आणि ज्याच्या मालकीची बॅट नाही, त्याला यष्टीमागे उभे करायचे. भेगाळलेल्या जमिनीवर चेंडू कुठून उसळेल याचा नेम नसे, म्हणून ते काम शिक्षेसारखेच. ही शिक्षा माझ्या वाट्याला आली आणि पुढे मला तिची गोडी लागली. कलबुर्गीस शिकायला गेलो तेव्हा एका संघात मी तीन वर्षे दुसरा यष्टिरक्षक होतो. तीन वर्षांत सामने खेळलो दोन. पहिल्याला ताप आला म्हणून एक, आणि त्याच्या बहिणीचे लग्न निघाले म्हणून एक. बाकी वेळ मी पाण्याची बादली आणि धावफलकाचे पत्रे सांभाळले. तेव्हापासून जुन्या सामन्यांचे गुणफलक वाचताना माझी नजर आधी शतकांकडे जात नाही. यष्टिरक्षकाच्या नावाकडे जाते, आणि मग त्या दौऱ्यावर दुसरा कोण होता ते मी शोधतो.

१९३६ सालच्या इंग्लंड-दौऱ्याचे गुणफलक अशा वाचकाला फार बोलके वाटतील. संघाचे कर्णधार होते विजयानगरमचे महाराजकुमार. संस्थानिकांनी पैसा घालायचा आणि कर्णधारपद घ्यायचे, असा तो काळ. १९३२ साली संघाचे नेतेपद पोरबंदरच्या महाराजांकडे होते, पुढे १९४६ साली पतौडीच्या नवाबांकडे आले. पतौडी जातिवंत खेळाडू होते. बाकीच्या दोघांविषयी तसे म्हणता येत नाही. फरक इतकाच की पोरबंदरकरांना ते कळत होते आणि लॉर्ड्‌सच्या कसोटीत त्यांनी नेतेपद सी. के. नायडूंच्या हाती सोपवले. १९३६ च्या संघात गटबाजी माजलेली होती. पहिल्या कसोटीच्या आधीच लाला अमरनाथ यांना बेशिस्तीचा ठपका ठेवून मायदेशी धाडण्यात आले. त्या संघात यष्टिरक्षक दोन होते : खुर्शेद मेहेरहोमजी आणि हिंदळेकर. लॉर्ड्‌सच्या पहिल्या कसोटीत हातमोजे मिळाले हिंदळेकरांना.

नुसते हातमोजेच मिळाले असे नाही. विजय मर्चंट यांच्याबरोबर सलामीलाही त्यांनाच पाठवण्यात आले. लॉर्ड्‌सवर यष्टिरक्षकाने सलामीला जाण्याचा हा आपला दुसरा प्रसंग. १९३२ च्या पहिल्यावहिल्या कसोटीत पुण्याचे जनार्दन नवले यांनी दोन्ही कामे केली होती, आणि कसोटी क्रिकेटात भारताच्या वतीने पहिला चेंडू खेळले ते नवलेच. यष्टीमागे दिवसभर उठाबशा काढलेल्या माणसाला नव्या चेंडूपुढे उभे करणे शहाणपणाचे नव्हे, असे आज कोणीही म्हणेल. त्या वेळी मात्र नाणेफेक इंग्लंडने जिंकली आणि ओलसर खेळपट्टीवर आपल्याला आधी खेळायला लावले, त्यामुळे निदान पहिल्या डावात तरी हिंदळेकर ताज्या पायांनी गेले.

मर्चंट-हिंदळेकर जोडीने ६२ धावांची सलामी दिली. मर्चंट ३५, हिंदळेकर २६. त्यानंतर काय झाले ते असे की सारा संघ १४७ धावांत आटोपला. म्हणजे उरलेल्या नऊ गड्यांनी मिळून ८५ धावा केल्या. अमर सिंगांनी ३५ धावांत ६ बळी घेऊन इंग्लंडला १३४ वर गुंडाळले आणि आपल्याला १३ धावांची आघाडी मिळाली. दुसऱ्या डावात मात्र आपण ९३ धावांतच गडगडलो. त्या ९३ मध्ये सर्वांत मोठी धावसंख्या होती १७, आणि ती हिंदळेकरांची. इंग्लंडने सामना ९ गडी राखून जिंकला. दोन्ही डाव मिळून भारताकडून सर्वांत जास्त धावा कोणी केल्या, हे बेरीज केल्यावर कळते : हिंदळेकर, ४३. नायडू, वझीर अली, मुश्ताक अली, मर्चंट या सगळ्यांच्या पुढे पोर्ट ट्रस्टमधला हा ८० रुपयांचा नोकर.

पण त्या सामन्याने त्यांचे बोटही नेले. बोटाच्या हाडाची कपची उडाली. त्यातच त्यांना धूसर दिसू लागले. यष्टिरक्षकाची सारी पुंजी म्हणजे दोन डोळे आणि दहा बोटे. त्यांतले दोन्ही एकदम गेले. कर्णधारांना त्याच दौऱ्याच्या काळात सर ही पदवी मिळाली. हिंदळेकरांना काय मिळाले ते वर सांगितलेच आहे.

मँचेस्टरच्या दुसऱ्या कसोटीत मेहेरहोमजी यष्टीमागे उभे राहिले. त्यांच्या आयुष्यातली ती एकमेव कसोटी. इंग्लंडने ८ बाद ५७१ धावांचा डोंगर रचला, हॅमंडने १६७ काढल्या. आता सलामीला कोण? हिंदळेकरांची जागा रिकामी होती, तेथे मुश्ताक अलींना पाठवण्यात आले. लॉर्ड्‌सवर तिसऱ्या क्रमांकावर येऊन ० आणि ८ करणारे हेच मुश्ताक अली दुसऱ्या डावात मर्चंटबरोबर उतरले, आणि त्या जोडीने २०३ धावांची सलामी दिली. मुश्ताक ११२, मर्चंट ११४. परदेशात भारतीयाने काढलेले पहिले कसोटी शतक ते मुश्ताक अलींचे. ही भागीदारी आपल्याकडे आजही कौतुकाने सांगितली जाते आणि सांगितली जावीच. पण ती सांगताना ज्याचे बोट मोडल्यामुळे ती जोडी जमली, त्याचे नाव कोणी घेत नाही. राखीव माणसाला दुसऱ्याच्या दुखण्यातून वाट मिळते असे मी वर म्हटले. येथे एका बोटाने दोघांना वाट दिली, यष्टीमागे एकाला आणि सलामीला दुसऱ्याला.

ओव्हलच्या तिसऱ्या कसोटीत तिसराच यष्टिरक्षक. दिलावर हुसेन तेव्हा केंब्रिजला शिकत होते, त्यांना संघात घेण्यात आले. त्यांनी ३५ आणि ५४ धावा करून निवड सार्थ केली. तीन कसोट्या, तीन यष्टिरक्षक.

या मालिकेत पलीकडच्या बाजूलाही एक गंमत होती. लॉर्ड्‌सवर इंग्लंडच्या यष्टीमागे जॉर्ज डकवर्थ होते, आणि तेही खरे तर दुसरेच. लेस एम्स हा उत्तम फलंदाज असल्यामुळे इंग्लंडची पहिली पसंती त्याला होती. डकवर्थ यष्टिरक्षक म्हणून एम्सपेक्षा सरस, असे मानणारे पुष्कळ होते. तरीही १९३२-३३ च्या ऑस्ट्रेलिया-दौऱ्यात डकवर्थना एकही कसोटी मिळाली नाही, आणि १९३६-३७ च्या दौऱ्यातही नाही. एवढा लांबचा बोटीचा प्रवास दोनदा, आणि दोन्ही वेळा बसून राहणे. मात्र डकवर्थ हे मोठ्या परंपरेच्या लँकेशायर परगण्याचे व्यावसायिक खेळाडू होते. कसोटी मिळो न मिळो, खेळाने त्यांचे पोट भरत होते. आपल्याकडे तसे काही नव्हते.

हिंदळेकर मुंबईला परतले ते वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी. यष्टिरक्षकाची उमेद असते ती याच वयात. पुढे महायुद्ध आले आणि १९३६ च्या ऑगस्टपासून १९४६ च्या जूनपर्यंत भारत एकही कसोटी खेळला नाही. देशात मात्र क्रिकेट चालू होते, किंबहुना जोरात होते. हिंदळेकर मुंबईकडून रणजी सामने खेळत, आणि जातवार संघांच्या चौरंगी-पंचरंगी सामन्यांत हिंदूंकडून. या सामन्यांच्या राजकारणावर बोलायचे हे स्थळ नव्हे. आमच्या भागाचे सांगायचे तर बीदर आणि गुलबर्गा हे जिल्हे तेव्हा निजामाच्या राज्यात होते, आणि १९३७-३८ साली हैदराबादच्या संघाने नवानगरवर एका गड्याने मात करून रणजी करंडक जिंकला होता. एका गड्याने, म्हणजे शेवटची जोडी मैदानात असताना. शेवटच्या जोडीचा विषय पुन्हा येणार आहे.

१९४६ च्या इंग्लंड-दौऱ्यासाठी सोळा जण निवडले गेले. त्यांत मराठी नावे सहा : हजारे, सरवटे, सोहोनी, शिंदे, निंबाळकर आणि हिंदळेकर. यांतले शेवटचे दोघे यष्टिरक्षक. हिंदळेकर आता सदतीस वर्षांचे होते. रावसाहेब निंबाळकर कोल्हापूरचे, हिंदळेकरांहून सहा वर्षांनी लहान. १९४८ साली पुण्यात काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा काढणारे भाऊसाहेब निंबाळकर हे त्यांचे बंधू. भाऊसाहेबांना एकही कसोटी मिळाली नाही हे सगळे हळहळून सांगतात. रावसाहेबांनाही मिळाली नाही, हे सांगायला कोणी थांबत नाही. एकाच घरातले दोन भाऊ, एक विक्रमासाठी अजरामर, आणि दुसरा इंग्लंडला जाऊन येऊनही शून्य कसोट्यांचा धनी. तीन कसोट्या झाल्या, तिन्हींमध्ये हिंदळेकर. यावेळी कोणाचेही बोट मोडले नाही.

राखीव यष्टिरक्षकाचे दौऱ्यावरचे आयुष्य कसे असते? कसोट्यांच्या मधल्या परगण्यांच्या सामन्यांत तो उभा राहतो, म्हणजे पहिल्याला विसावा मिळावा. सरावात गोलंदाजांचे चेंडू घेतो, पाणी नेतो, मोज्यांना वंगण लावतो. आणि मोठ्या सामन्यात पहिला जायबंदी झाला तरी त्याचे नशीब उघडेलच असे नाही. कारण अकरांत नाव नसलेल्याने मैदानात येऊन क्षेत्ररक्षण करावे; यष्टीमागे उभे राहण्याचा हक्क त्याला नसे. अशा वेळी एखाद्या फलंदाजाच्या हातात मोजे कोंबायचे, आणि खरा यष्टिरक्षक मंडपातून पाहत बसायचा. ही विसंगती नियमकर्त्यांनी दूर केली ती २०१७ साली. आता पंचांच्या संमतीने बदली खेळाडू यष्टिरक्षण करू शकतो.

१९४६ साली हिंदळेकरांपुढे काम सोपे नव्हते. विनू मंकडांनी त्या दौऱ्यात हजारावर धावा आणि १२९ बळी घेतले. मंकडांची डावखुरी फिरकी, शिंदे आणि सी. एस. नायडू यांचे लेगब्रेक आणि गुगली, सरवट्यांची फिरकी, एवढे सगळे एका हवेत ओलसर, एका हवेत कोरड्या खेळपट्टीवर, यष्टीला चिकटून उभे राहून ओळखायचे. फलंदाज फसला तर टाळी गोलंदाजाला. चेंडू निसटला तर चार धावा यष्टिरक्षकाच्या नावावर. लॉर्ड्‌सवर हार्डस्टाफने नाबाद २०५ काढल्या आणि आपण १० गड्यांनी हरलो. त्या सामन्यात आणि पुढच्याही सामन्यात आपला कर्दनकाळ ठरला तो अ‍ॅलेक बेडसर. दोन्हींत त्याचे अकरा-अकरा बळी.

मँचेस्टरची कसोटी मात्र हिंदळेकरांच्या नावाने लक्षात ठेवावी अशी आहे. पहिल्या डावात मर्चंट आणि मुश्ताक या जुन्या जोडीने १२४ धावांची सलामी दिली आणि त्यानंतर अख्खा संघ १७० वर गारद झाला. शेवटच्या दिवशी आपल्यापुढे २७८ धावांचे लक्ष्य होते. पण ते कोणाच्या मनात नव्हते, टिकून राहणे एवढाच प्रश्न होता. बेडसरने एकामागून एक सात जण टिपले. नववा गडी पडला तेव्हा सोहोनींच्या जोडीला अकरावा म्हणून हिंदळेकर आले. दहा वर्षांपूर्वी लॉर्ड्‌सवर सलामीला जाऊन संघात सर्वांत जास्त धावा करणारा हाच माणूस आता अगदी तळाला होता. घड्याळात तेरा मिनिटे उरली होती.

दोघे उभे राहिले. सोहोनी नाबाद ११, हिंदळेकर नाबाद ४. धावसंख्या ९ बाद १५२, सामना अनिर्णित. एक इंग्रजीभाषी नाही, एक संस्थानिक नाही. मैदानाच्या मधोमध दोन मराठी माणसे, आणि भोवती इंग्लंडचे क्षेत्ररक्षक हात पसरून उभे. हिंदळेकरांच्या चार धावांची किंमत शतकापेक्षा कमी आहे असे मला वाटत नाही. त्या धावा नव्हेतच, ती तेरा मिनिटे आहेत. ओव्हलची तिसरी कसोटी पावसाने वाहून गेली, मालिका १-० अशी इंग्लंडकडे राहिली. मँचेस्टर हातचे गेले असते तर ती २-० झाली असती.

हिंदळेकरांचा हिशेब येथेच पुरा होतो. चार कसोट्या, सात डाव, ७१ धावा, तीन झेल, यष्टिचीत एकही नाही. कागदावर हा हिशेब दरिद्री दिसतो. पण यष्टिरक्षकाचे निम्मे काम कागदावर उतरतच नाही. जो चेंडू निसटला नाही त्याची नोंद कोणी ठेवत नाही.

१९४७-४८ साली आपला संघ ऑस्ट्रेलियाला गेला तेव्हा यष्टिरक्षणाचे काम कराचीचे इराणी आणि कलकत्त्याचे सेन यांच्याकडे गेले. त्यांच्यातही पुन्हा तोच खेळ : पहिल्या दोन कसोट्यांत इराणी, मग सेन. हिंदळेकर आता चाळिशीकडे झुकले होते आणि पोर्ट ट्रस्टच्या नोकरीवर होते. पगार तोच, ८० च्या घरातला. यावर मुंबईत संसार करायचा. युद्धानंतरची महागाई ज्यांनी पाहिली त्यांच्या घरच्यांना या आकड्याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. आणि मग दुखणे आले. त्यावर जे उपचार व्हायला हवे होते ते होण्याइतका पैसा घरात नव्हता. १९४९ सालच्या मार्चच्या ३० तारखेला मुंबईत हिंदळेकर वारले. वय चाळीस.

ते गेल्यावर मुंबईच्या क्रिकेट संघटनेच्या अध्यक्षांनी कुटुंबासाठी मदतीचे आवाहन केले, आणि क्रिकेट मंडळाने व इतरांनी हात सैल सोडला. मदत करणाऱ्यांना मी नावे ठेवत नाही. मदत झाली हे बरेच झाले. पण इस्पितळाचा खर्च असतो तो माणूस जिवंत असताना. २०१६ साली भारतीय मंडळाने एका कसोटीचे मानधन १५ लाख रुपये केले, आणि अकरांबाहेर बसणाऱ्या राखीव खेळाडूलाही त्याच्या जवळपास निम्मे मिळू लागले. रावसाहेब निंबाळकर ज्या खुर्चीवर बसून होते तिची किंमत आता लाखांत आहे. मला याचे वाईट वाटत नाही. बसून राहणे हेही काम आहे, तीन वर्षे ते मी केले आहे.

हिंदळेकर वारल्यावर काही महिन्यांनीच कॉमनवेल्थ संघ भारतात आला. त्याचे व्यवस्थापक होते जॉर्ज डकवर्थ, लॉर्ड्‌सवर १९३६ साली पलीकडच्या यष्टीमागे असलेले तेच. पुढे ते आणखीही संघ घेऊन आले, आणि या देशात त्यांची चांगलीच ओळख झाली.

हिंदळेकरांच्या घराण्याशी क्रिकेटचे नाते मात्र तुटले नाही. विजय मांजरेकर हे त्यांचे भाचे. १९५२ साली लीड्‌सच्या कसोटीत विशीतल्या मांजरेकरांनी १३३ धावा काढल्या, आणि पुढे ५५ कसोट्या ते खेळले. त्यांना सगळे फलंदाज म्हणूनच ओळखतात. पण प्रसंगी त्यांनीही मोजे चढवले होते, आणि त्यांच्या कसोटी नोंदीत झेलांच्या शेजारी दोन यष्टिचीत आहेत.